मंगळवारचा करार

मालिकेचे दहाही भाग एकदमच आले होते, पण डायलिसिसला शेजारी बसणाऱ्या शिवणवाल्या बाईंचा आणि पोस्टमास्तरांचा करार पक्का होता: दर मंगळवारी एकच भाग, एका इअरफोनची दोन टोकं दोघांच्या कानात, घरी चोरून बघायचं नाही. आज सातव्या भागात नायिका हसत जिना उतरत होती, तोच मास्तरांनी बाईंपुढे रुमाल धरला. नायिका कोसळली ती त्यानंतर. “तुम्ही आधीच पाहिलंत?” “रविवारी एका बैठकीत सगळं उरकलं,” मास्तर म्हणाले. “गेल्या खेपेला तुम्हाला भोवळ आली ना? म्हटलं, तुमचं काही खरं नाही, मग कशाला ताटकळायचं? हवा तर शेवट आत्ताच सांगून ठेवतो.” बाईंनी कानातलं टोक उपसून मास्तरांच्या अंगावर भिरकावलं, खरकटी झाल्यासारखी बोटं चादरीला पुसली. “सिस्टर, मला दुसरी खुर्ची द्या. पुढच्या मंगळवारी मी येणार आहे.”