पंखाचे थर

टक्.

कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा पंखावरून निसटून फरशीवर पडला. दुपारच्या सामसूम घरात तेवढ्यानंही नाथाजी दचकला. तांदूळ निवडणारे विजयमालाचे हात थांबले. चार वर्षांची मालन कोपऱ्यात झोपली होती, ती चुळबुळली आणि पुन्हा गाढ झोपली. नाथाजीनं चिमटा उचलला आणि सरस लावलेल्या पट्टीवर पुन्हा घट्ट बसवला.

हे खेळातलं विमान दोन्ही हात पसरून धरावं एवढं होतं. हातातल्या रेडिओच्या पेटीवर चालणारं, आभाळात कोलांट्या मारणारं. नाथाजी हवाई दलात मेकॅनिक. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यानं या विमानाचं सगळं सामान घेतलं होतं. मागच्या रजेत आठ दिवसांत त्यानं सांगाडा उभा केला, तोही शिट्टी वाजवत. या रजेत मात्र महिना होत आला तरी तो नुसती मजबुती करत होता. पंखाच्या जोडावर बांबूची कामटी, कामटीवर कापडाची पट्टी, पट्टीवर सरस. वाळलं की पुन्हा पट्टी.

"मालनच्या पाळण्याला बी एवढा जोड दिला न्हवता रं," त्याची आई साळूबाई परवा म्हणाली. तो हसला नाही.

दोन महिन्यांपूर्वी त्यानं तपासून सोडलेलं एक विमान परत आलं नव्हतं. आत एक तरुण साहेब होता. चौकशी झाली. नाथाजीचा दोष नाही, असं कागदावर लिहून मिळालं. तो कागद त्यानं ट्रंकेच्या तळाशी घातला आणि स्वतः दुसरा लिहिला: विमानाच्या कामावरून काढून मला गोदामात घ्यावे. सोमवारी हजर झाला की पहिल्यांदा तोच द्यायचा होता.

विजयमालाला कळलं तेव्हा ती मनात म्हणाली, बरंच की, सावलीतलं काम. पण मग महिनाभर ती त्याचे हात बघत राहिली. एवढे शहाणे हात, आणि एकाच जागेवर पट्टीमागून पट्टी चिकटवत बसलेले. गोदामात गेले तर हे हात कायमचे असेच भिऊन राहतील, असं तिला वाटायला लागलं.

तिनं ताट खाली ठेवलं. पंख दोन्ही तळव्यांवर घेतला आणि पाखडताना देतात तसा हलका झटका दिला.

"आवं, सूप सारवत्यात ते ठावं हाय न्हवं?"

"मेथी आन् कागदाचा लगदा. त्याचं काय?"

"मी नवी नवरी हुते तवा मला सारवाय दिलं. भोक पडाय नको म्हणून मी चांगलं पाच-सहा हात दिलं. सूप झालं दगडावानी. पाखडाय घेतलं तर मनगाट मोडलं, पर फोलकाट काय उडंना. सासूबाईंनी भिजवून समदं खरवडाय लावलं."

नाथाजी पंखाकडं बघत राहिला. "खरवडलं आन् वर गेल्यावर मोडलं तर?"

"मोडंल. पर न खरवडता उडंल का, तेवढं सांगा."

नाथाजी उठला आणि त्यानं चुलीवर पाणी ठेवलं. ऊन फडक्यानं सरस मऊ करत एकेक पट्टी सोलायला लागला. विजयमालानं पंख धरला. संध्याकाळपर्यंत जोडावर एक कामटी आणि एकच पट्टी उरली.

रविवारी सकाळी तिघं गावाबाहेरच्या माळावर गेली. इंजिन गांधीलमाशीसारखं भणभणलं. विमान धावलं, वर उठलं आणि माळावर दोन घिरट्या घालून आलं. मग नाथाजीनं हातातल्या पेटीवरची दांडी ओढली. विमान उभं चढलं, पाठीवर झालं. पंख धनुष्यासारखा वाकलेला विजयमालाला दिसला आणि तिनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा विमान सरळ उडत होतं. नाथाजीनं त्याला आणखी दोन कोलांट्या मारायला लावल्या, मग ते सावकाश खाली आणलं. वाळल्या गवतात दोन उड्या मारून विमान थांबलं.

नाथाजी धावत गेला. जोडावरून अंगठा फिरवला. कुठं चीर नव्हती. इंजिनातून तेल ओघळत होतं. त्यानं खिशातून उद्या द्यायचा गोदामाचा अर्ज काढला आणि त्याच कागदानं तेल पुसायला लागला. पुसता पुसता शिट्टी वाजवत होता. विजयमालाचे डोळे भरून आले.

मालन विमानापाशी उकिडवी बसली. पुढं, चालकाच्या जागेवरच्या काचेच्या टोपणाला डोळा लावून तिनं आत बघितलं. बोटानं दोनदा वाजवलं आणि वाट बघत बसली.

शिट्टी थांबली.

"आई," मालननं विचारलं, "ह्यातला माणूस खाली कवा उतरनार?"