तात्पुरती मुदतवाढ

"नाय उचलला," ठेकेदार फेबियन म्हणाला, आणि नगरपरिषदेच्या सभागृहात सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

नगराध्यक्षा आशालताबाई सावे पदर खोचून उभ्या होत्या. कचऱ्याच्या ठेकेदाराला आज भर सभेत सोलून काढायचा, असं त्या ठरवूनच आल्या होत्या. बाजारातला कचरा आठ दिवस का कुजला, असं विचारलं की ठेकेदाराचा आधी ट्रॅक्टर बिघडतो, मग ड्रायव्हरची आजी वारते, आणि शेवटी सगळं पावसावर जातं. आजवरचा रिवाज तोच होता. हा बाबा चक्क कबूल झाला.

फेबियनच्या पोटात मात्र आनंद मावत नव्हता. अठ्ठ्याण्णव साली सहा महिन्यांसाठी म्हणून त्याने हा ठेका घेतला. सहा महिने संपले, नव्या निविदेकडे काळं कुत्रंही फिरकलं नाही, आणि त्याला तात्पुरती मुदतवाढ मिळाली. ती संपली की पुन्हा तात्पुरती. बिचारा तीन वर्षं तात्पुरताच होता. 'मला सोडा' म्हणून हात जोडायला गेला, तर मुख्याधिकारी साहेबांनी अत्यावश्यक सेवेचा कायदा उघडून दाखवला.

त्यातून ट्रॅक्टर उभे करायला नगरपरिषदेकडे जागा नाही. ते सगळे त्याच्या नंदाखाल गावातल्या वाडीत, माडांखाली. त्याच्या बायकोचा, फ्लॉसीचा मोगरा एरवी हातोहात जायचा. आता फुलं न्यायला येणारा व्यापारी आधी ट्रॅक्टरकडे बघायचा, मग नाकाला रुमाल लावायचा आणि भाव पाडायचा. गेल्या रविवारी चर्चमधून आल्यावर फ्लॉसीने शेवटचं सांगितलं, "वाडीत मोगरा राहील, नाय तर तुझे ट्रॅक्टर. मोगरा गेला तर त्याच्यामागं मी पण जाईन."

फेबियनचा फ्लॉसीवर फार जीव होता. म्हणून त्याने आठ दिवस कचऱ्याला हात लावला नाही. नीटनेटक्या माणसाला घाण करणं जड जातं, त्याला रात्री झोप येईना, पण केली. आता आपल्याला हाकलतील आणि घरी मोगरा फुलेल, एवढाच त्याचा हिशोब होता.

"आणि खतप्रकल्पाचं काय?" आशालताबाई कडाडल्या. "कचऱ्यापासून खत करणार होतात ना?"

"बोर्ड लावलाय."

"खत कुठंय?"

"खत नाय, बाई. खड्ड्यात पाणी साचलंय. बदकं पोहतात."

"कुणाची बदकं?"

"माझीच."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "असल्या माणसाला एक दिवस तरी ठेवायचा का?"

"नका ठेवू," फेबियन अगदी मनापासून म्हणाला.

आशालताबाई खाली बसल्या. चष्मा काढून त्यांनी तो पदराने पुसला. बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज चांगलाच मऊ झाला होता. "मी या सभागृहात किती ठेकेदार पाहिले. काम एकानं केलं नाही आणि चूकही एकानं कबूल केली नाही. खरं बोलणारा हा पहिलाच. यांना तात्पुरती नको, चांगली तीन वर्षांची मुदतवाढ द्यावी, असं मी सुचवते."

बाकं धडाधडा वाजू लागली. फेबियनने मनात हिशोब केला. तीन वर्षं! तोवर मोगराही जाईल आणि फ्लॉसीही. आता लाज धरून चालणार नव्हतं. तो सभागृहाच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "बाई, मी मुद्दाम केलं! तुम्ही मला हाकलावं म्हणून कचरा ठेवला! मला हा ठेका नको! काय पण करा, पण नको!"

बाकं थांबली. नगरसेवक एकमेकांची तोंडं बघू लागले. सुटलो, असं फेबियनला वाटलं, आणि त्याने घाम पुसला.

आशालताबाई त्याच्याकडे भरल्या डोळ्यांनी बघत राहिल्या. मग ठराव लिहिणाऱ्या कारकुनाकडे वळून म्हणाल्या, "ज्याला ठेकाच नकोय, तो ठेक्यात खाणार काय? तीन खोडा, पाच लिहा."