लिहून झालं

पहिली ओवी म्हणून भिमाआबा थांबले. समोर कॉम्प्युटर लावून बसलेला त्यांचा मुलगा माऊली म्हणाला, "थांबू नका आबा. मशीन घेतंय सगळं."

थांबायची आबांची जन्माची सवय. बिरोबाची ओवी एकानं सोडायची, मागच्यांनी उचलायची, मगच पुढची. वडगाव रासाईत आता मागं धरणारं कुणी उरलं नव्हतं. आणि उद्या पुण्याला आबांच्या घशाचं ऑपरेशन. गाठीबरोबर आवाजही जाणार, हे डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. घसा ठणकत होता, तरी आबा शेवटपर्यंत गायले. माऊलीची आई सगुणाबाई दारात पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

पडद्यावर आलं, फाईल सेव्ह झाली. "झालं, आबा!" माऊली म्हणाला, आणि तेवढ्यात लाईट गेली.

पुण्याच्या कंपनीत माऊली कर्नलचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्याचं काम करायचा. फाईल लिहायची पद्धत त्यानंच नव्यानं बांधली होती. आलेलं आधी मेमरीत धरायचं, 'झालं' सांगून मोकळं व्हायचं आणि डिस्कवर मागनं सवडीनं, एकदमच उतरवायचं. काय पळायचं मशीन! साहेबांनी पाठ थोपटली होती. लाईट गेली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं, पण ऑफिसात लाईट कधी जातच नव्हती. तेच त्यानं मोठ्या कौतुकानं घरच्या मशीनवर घातलं होतं.

लाईट आली तवर ऊन कललं होतं. फाईलचं नाव होतं. आत काही नव्हतं.

"आलं का रं समदं?" आबांनी विचारलं. आवाज पार बसला होता.

आलं म्हणायला काय जात होतं? आबा निवांत मनानं दवाखान्यात गेले असते. माऊलीच्या ओठावर आलंही होतं तसं.

"न्हाई आबा. गेलं. माझ्यामुळं गेलं." त्याला रडू आवरेना.

आबा तांब्यातलं पाणी प्यायले आणि त्यांनी घोंगडं पसरलं.

"आवं, आता गाऊ नगा. तरास हुईल," सगुणाबाई कळवळल्या.

"हुं दे. माऊली, त्ये बंद कर आन् हितं बस."

माऊली समोर बसला. आबांनी पहिली ओवी सोडली, अगदी हळू, आणि थांबले.

माऊलीनं ती म्हटली. एक शब्द चुकला.

आबांनी मान हलवली. तीच ओवी पुन्हा सोडली आणि थांबले.