मधलं दार

प्राणवायूचं यंत्र दिवाणखान्यात घरघरत होतं. त्याची लांब नळी नाकाला लावून सासूबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. बहिणीचा फोन येताच सुनेनं मधलं दार घट्ट लावलं आणि मनातली मळमळ बाहेर काढली. “अगं ताई, रात्रंदिवस ती घरघर, पावलापावलाला पायात नळी! यातून सुटका कधी, कोण जाणे!” तेवढ्यात यंत्र टीं-टीं ओरडू लागलं. “बघ, नाव काढताच भांडायला उठलं!” हसत ती बोलतच राहिली. ओरडणं थांबेना, तेव्हा कुठे वळली. नळी दाराच्या फटीत चेपली होती. तिनं दार खसकन उघडलं. सासूबाई पलीकडेच चौकटीला धरून धापा टाकत होत्या. ओठ निळसर पडले होते. “आई, दार का नाही उघडलंत?” श्वास परतल्यावर सासूबाई खालमानेनं म्हणाल्या, “मध्येच उघडलं असतं, तर तुला किती ओशाळल्यासारखं झालं असतं गं!”