सुटलेली वेणी

रविवारी संध्याकाळी लेक बाबांच्या घरून परतली तेव्हा तिच्या दोन वेण्यांपैकी एक सुटली होती. "कुणी घातल्या गं?" पार्लर चालवणाऱ्या आईने विचारलं. "बाबांनी," लेक फरशीकडे बघत म्हणाली. ज्याला संसारभर बुटाची नाडी धड बांधता आली नाही, त्याने म्हणे पेड खालून घेत उलटी वेणी घातली! आईने शाबूत वेणी निरखली. पेड सारखे होते, केस कुठेही ओढले नव्हते. हात परका होता, पण हळुवार. "सोडू नकोस ना," लेक पुटपुटली. आईने कंगवा घेतला. लेकीची वेणी ती नेहमी पेड वरून घेत घाली. आज सुटलेले केस तिने खालून घेत गुंफले. लेकीने दोन्ही वेण्या चाचपल्या. "अय्या, अगदी तिकडच्या मावशीसारखी!" बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. आईने रबर लावलं. "घट्ट नाही ना झाली?"