नावं झाकून

श्टुटगार्टच्या भारतीय विद्यार्थी मंडळाला त्या साली नवा अध्यक्ष निवडायचा होता, आणि मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, जेवताना जो तो देखण्या यशवंतचंच नाव घेत होता. रसायनशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्या वसुधाला ते सहन होईना. "अध्यक्ष निवडताय की जावई?" असं सुनावून तिने शास्त्रशुद्ध तोड काढली. खोल्या, राहण्याचे परवाने आणि हँबुर्गहून मागवायची तूरडाळ, या तीन मुद्द्यांवर आपण काय करू ते दोन्ही उमेदवारांनी लिहून द्यायचं, मंडळाची चिटणीस कुसुम हिने नावं झाकून ते 'अ' आणि 'ब' असे टाइप करायचे आणि सगळ्यांनी गुण द्यायचे. असं झालं की दुसरा उमेदवार श्रीपादच निवडून येणार, याची तिला खात्री होती.

'ब' कागद दणक्यात जिंकला. खुद्द वसुधाने त्याला दहापैकी नऊ दिले होते.

कुसुमने नावांचं पाकीट फोडलं. "ब म्हणजे यशवंत."

सगळे हसले.

"अगं, पण तुला श्रीपाद कशावरून पसंत होता?" कुसुमने विचारलं.

वसुधाने खूप आठवून पाहिलं. आठवला तो फक्त त्याचा कोपरावर विरलेला स्वेटर आणि न विंचरलेले केस.

"नमुना फार लहान आहे," ती म्हणाली. "प्रयोग पुन्हा करावा लागेल."