हात खाली घ्या

बंदर डोळ्यांसमोर होतं. घरांच्या खिडक्या ओळखू येत होत्या. पण उतरता येणार नव्हतं. एवढं मोठं जहाज तिथल्या धक्क्याला लागत नसे. उतारूंना छोट्या बोटींतून न्यावं लागे. आणि आज बंदराच्या तोंडाशी लाटा अशा उसळत होत्या, की चाचणीला सोडलेली रिकामी बोट उलटता उलटता वाचली.

कॅप्टनने क्रूझ डायरेक्टरला बोलावून घेतलं. जहाजावरचे खेळ, नाच, गाणी, घोषणा सगळं त्यांच्याकडे. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

“जेवणं आटोपली की नांगर उचलतो,” कॅप्टन म्हणाला. “समुद्राचं मी बघतो, माणसांचं तुम्ही बघा.”

मास्तरांनी वरच्या डेकवर जाऊन माईक हातात घेतला. “मंडळी, आज या गावानं आपल्याला दारातूनच परत पाठवलंय. रागावू नका, त्यांच्या घरात फारच पाणी आहे!”

कोणी हसलं नाही. टोपीवाले एक गृहस्थ तावातावाने पुढे आले. “आम्ही काय नुसतं पाणी बघायला आलो? ते घरीही नळाला येतं!”

“मग या ना, नळाच्या पाण्यानं भिजला नाहीत तेवढं इथं घामानं भिजवतो,” म्हणत मास्तरांनी त्यांच्याच हाताला धरून त्यांना मधोमध आणलं आणि बँडला खूण केली. खुर्च्यांचा खेळ सुरू झाला. पहिल्याच फेरीत टोपीवाले अशा चपळाईने खुर्चीवर आदळले, की त्यांची बायको पोट धरून हसली. मग दुसरे उठले, तिसरे उठले. बघता बघता डेकचा नूर पालटला.

मास्तरांची नजर मात्र कठड्याशी गेली. एक म्हातारी बाई सगळ्यांकडे पाठ करून उभी होती. मास्तरांना असा एकटा चेहरा सहन होत नसे. एक उदास माणूस संध्याकाळपर्यंत दहा जणांना उदास करतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

“मावशी, असं रुसून कसं चालेल? तुमच्यासाठी खुर्ची अडवून ठेवलीय मी.”

“रुसले नाही रे बाबा,” बाई वळली. तिच्या हातात फोन होता. “माझी ताई उभी आहे तिथं.”

मास्तरांनी किनाऱ्याकडे पाहिलं. बंदराच्या कचेरीच्या गच्चीवर ठिपक्यांएवढी दोन-तीन माणसं दिसत होती.

“सकाळपासून आलीय. रखवालदाराची दुर्बीण मागून घेतलीय तिनं. हृदयाच्या दुखण्यामुळे मला विमानात बसायची बंदी आहे आणि तिला आता गाव सोडवत नाही. म्हणून मी ही सहल धरली.”

“पुढच्या वर्षी पुन्हा येतंच आपलं जहाज, मावशी.”

बाईने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. “पुढचं वर्ष डॉक्टरांनी तिला दिलेलं नाही,” ती म्हणाली.

मास्तर तसेच मागे गेले, गाणं थांबवलं आणि माईकवर साध्या आवाजात सगळं सांगितलं. पुढे काय करा, हे त्यांना सांगावंच लागलं नाही. खुर्च्या सोडून माणसं कठड्याकडे धावली. कोणी टॉवेल काढला, कोणी ओढणी, टोपीवाल्यांनी टोपी. सगळा डेक किनाऱ्याकडे हात हलवू लागला. “ताई! ताई!” अशा हाका सुरू झाल्या. बँडवाल्यांनी आपण होऊन एक संथ सूर धरला. कितीकांचे डोळे भरून आले होते. इतक्या सहली केल्या, पण सगळं जहाज असं एका जिवाचं झालेलं मास्तरांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी कौतुकाने बाईकडे पाहिलं. तिचा हात वर नव्हता. ती फोन कानाशी घट्ट धरून उभी होती.

“काय झालं, मावशी?”

“ती विचारतेय, एवढ्या गर्दीत तू कुठली?”

मास्तरांनी कठड्यावर उंचावलेल्या हातांकडे पाहिलं. जन्मभर त्यांनी लोकांना हात वर करायला लावलं होतं. लाजणाऱ्याला, चिडलेल्याला, दुःखी माणसालाही. दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

त्यांनी माईक तोंडाशी नेला. “मंडळी, हात खाली घ्या.”

सूर थांबला.

“कृपा करून सगळ्यांनी खाली बसा. आहात तिथंच.”

माणसं गोंधळली, एकमेकांकडे बघत बसू लागली. आयांनी पोरांना मांडीवर ओढलं. टोपीवाले गुडघे धरत, कण्हत सर्वांत शेवटी टेकले. मग मास्तरही माईक बंद करून डेकच्या फळ्यांवर बसले.

कठड्याशी बाई एकटी उरली. सगळ्यांच्या नजरांनी तिला अवघडल्यासारखं झालं. मग तिने हात वर केला आणि हळूहळू हलवू लागली.

ताईला ऐकू कमी येत असावं, कारण जेव्हा ती बोलली तेव्हा इतकं मोठ्याने, की शेजारी बसलेल्या सगळ्यांना फोनमधला आवाज ऐकू गेला.

“दिसलीस गं, दिसलीस! डावखुरी ती डावखुरीच राहिलीस! आईनं आणि मी केवढं मारलं तुला त्या हातावर!”

बाई हात हलवतच राहिली. खाली कुठेतरी नांगराची साखळी करकरत वर येऊ लागली. किनारा सरकू लागला, तरी डेकवरचं कोणी उठलं नाही. बाईचा हात आता भरून आला होता, पण तिने तो बदलला नाही.